मिसरीची डबी आणि झोपेची गोळी

दुपारची जेवणं आटपली असतील. कुणी शेंगा फोडत बसल्या असाल, कुणी मोबाईल कमरेला खोचून भांगलत असाल. ह्या महिन्याचं बोलणं आमच्या गटाकडं आलं तेव्हा विषय ठरलेला होता, गांडूळखताचा. तो आम्ही पुढं ढकलला. खत कुठं जात नाही. पण गेल्या वर्षभरात आमच्या गटात जे घडलं ते आत्ता सांगितलं नाही, तर अजून एखाद्या घरात तसंच घडेल ही आमची भीती आहे.

गोष्ट आक्कांची आहे. आक्का आमच्या गटात पहिल्या दिवसापासून आहेत. नाव सांगणार नाही. त्यांना विचारूनच बोलतोय. त्या म्हणाल्या, "गोष्ट सांगा, नाव नको. ज्यांना कळायचं त्यांना कळंलच." आणि ह्या गोष्टीत चूक आमची आहे, आक्कांची नाही, हे आधीच सांगून टाकतो.

नवीन सुनांना, शहरातून आलेल्यांना कदाचित मिसरी माहीत नसेल, म्हणून दोन शब्द. तंबाखू तव्यावर टाकून भाजायची, धूर निघून काळी झाली की चुरून डबीत भरायची. सकाळी उठल्यावर बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना चोळायची आणि वेळ मिळेल तसं तोंडात धरून बसायचं. कोकणातल्या बाया हिलाच मशेरी म्हणतात. घरात भाजायला घेतली की पोरंबाळं ठसकतात, पण आजवर कुणी कुणाला बोललं नाही. आमच्यातल्या निम्म्या जणींना पहिल्यांदा मिसरी आईनं नाहीतर आजीनंच लावली, दाढ दुखते म्हणून. दात घासायची वस्तू म्हणून ती घरात आली आणि तशीच राहिली. दंतमंजनात तंबाखू घालायला कंपन्यांना 1992 पासून बंदी आहे, पण आपल्या तव्याला कोण बंदी घालणार? नवऱ्यानं तंबाखू मळली की आपण त्याला व्यसन म्हणतो. आपण मिसरी लावली की ती नुसती सवय. सरकारची 2016-17 ची पाहणी आहे, तिच्यात महाराष्ट्रातल्या दर 100 बायांमागं 17 जणी कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात असं निघालं. आमच्या गटात अकरा जणी, त्यात मिसरी लावणाऱ्या सात. भाजली म्हणजे तंबाखूतलं विष जळून जातं असं पुष्कळ जणी म्हणतात. तसं नाही. निकोटीन तिच्यात राहतं, आणि हिरडीतून थेट रक्तात जातं.

आता आक्का. 2021 च्या मे महिन्यात करोनात त्यांचे मालक गेले. दवाखान्यात नेलं ते परत आलेच नाहीत, तोंडसुद्धा नीट बघायला मिळालं नाही. त्यानंतर आक्कांची झोप गेली. तालुक्याला एका डॉक्टरांनी अल्प्राझोलामची गोळी लिहून दिली, अर्धा मिलिग्रॅमची, पंधरा दिवसांसाठी. ती पंधरा दिवसांची चिठ्ठी तीन वर्षं चालली. मेडिकलवाला ओळखीचा होता. आक्का गेल्या की तो न विचारता पट्टी काढून द्यायचा. अर्ध्यानं झोप लागेना तशी आक्कांनी एक पूर्ण मिलिग्रॅम सुरू केली. त्यांच्या हिशेबानं बीपीची गोळी रोज, साखरेची रोज, तशी ही पण रोज. ही गोळी वेगळ्या जातीची आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आम्हालाही माहीत नव्हतं. आमच्यातल्या दोघींच्या घरात तीच पट्टी होती हे आम्हाला नंतर कळलं.

मग मेडिकलचा मालक बदलला. नवीन माणसानं चिठ्ठी मागितली. त्याचं बरोबरच होतं. ही गोळी, आणि डायझेपाम, नायट्राझेपाम ह्या तिच्या बहिणी, 2014 पासून अशा यादीत आहेत की दुकानदाराला पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वहीत लिहून तीन वर्षं ठेवावं लागतं. पाकिटावर डाव्या अंगाला उभी लाल रेघ असते. घरी जाऊन बघा. पण आक्कांना चारचौघांत चिठ्ठी नाही म्हणायची लाज वाटली. त्या तशाच परत आल्या आणि गोळी बंद केली. एका दिवसात, पूर्ण बंद.

पहिल्या रात्री डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी हातातला तांब्या थरथरायला लागला, घामानं अंग भिजलं, भांड्याचा आवाज कानात सुईसारखा टोचायला लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात शेण भरता भरता आक्का खाली पडल्या. हातपाय ताठ, तोंडाला फेस. फिट आली होती. घरच्यांनी बाहेरचं काहीतरी आहे म्हणून लिंबू उतरवलं. सून हुशार. तिला ट्रंकेत रिकाम्या पट्ट्या सापडल्या, त्या पिशवीत घालून तिनं सासूला जिल्ह्याला सिव्हिलला नेलं. त्या पट्ट्या नेल्या नसत्या तर डॉक्टरांना कळायला किती वेळ लागला असता कुणास ठाऊक.

तिथल्या मनाच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी सांगितलेलं सून आम्हाला सांगायची, आणि आम्ही ते आमच्या भाषेत करून घेतलं. मेंदूत आपल्याला शांत करणारं एक रसायन असतं, गाबा नावाचं. झोपेची ही गोळी त्या रसायनाचा जोर वाढवते. रोज वाढवत राहिली की मेंदू स्वतःचं काम कमी करतो. घरात पाणी भरायला रोज बाई येते म्हटल्यावर आपण हंडा उचलायचं सोडून देतो, तसं. आणि एके दिवशी ती बाई यायचीच बंद झाली तर घरात थेंब नसतो. म्हणून ही गोळी काही आठवड्यांहून जास्त रोज घेतली असेल तर एकदम कधीच सोडायची नाही. फिट येते, भ्रम होतो, जीवसुद्धा जाऊ शकतो. डॉक्टरांनी आक्कांना गोळी परत सुरू केली, मग तिच्याऐवजी अंगात जास्त वेळ राहणारी डायझेपाम दिली आणि ती थोडी थोडी उतरवत नेली. दोन-चार आठवडे एका मापावर थांबायचं, सोसलं की पुढचं माप. बचत गटाचं कर्ज फेडतो तसं हप्त्याहप्त्यानं. सगळं मिळून अकरा महिने लागले. 2025 च्या फेब्रुवारीत शेवटचा तुकडा संपला, तेव्हा आक्कांनी गटात पेढे वाटले.

ह्या अकरा महिन्यांत एक गोष्ट आमच्या डोळ्यांदेखत घडली आणि आम्ही ती पाहिली नाही. आक्कांची मिसरी वाढली. आधी दिवसातून चार वेळा लावायच्या, ती नऊ वेळांवर गेली. रात्री झोप येईना की उठून ओसरीवर बसायचं आणि डबी उघडायची. सिव्हिलमध्ये दारू पिता का विचारलं, आक्का नाही म्हणाल्या. विडी-सिगारेट, तेही नाही. खरंच होतं ते. मिसरीचं कुणी विचारलं नाही आणि आक्कांनी सांगितलं नाही, कारण दात घासायची वस्तू काय सांगायची?

आणि मग आला 31 मे, तंबाखूविरोधी दिवस. आमच्या ग्रामसंघानं कार्यक्रम ठेवला. फलक केला, शाळेतल्या बाईंना बोलावलं, शपथ घेतली. सातही जणींच्या डब्या गोळा करून समाजमंदिरामागं खड्ड्यात पुरायच्या असं ठरलं. सहा जणींनी दिल्या. आक्का मागं उभ्या होत्या, डबी पदराखाली. म्हणाल्या, "मला जरा दम खाऊ द्या गं." आणि आम्हीच म्हणालो, "आक्का, तुम्ही गोळी सोडलीत, त्यापुढं मिसरी ती काय!" सगळ्या हसल्या. आक्कांनी डबी दिली. फोटो काढला, तो ग्रुपवर टाकला, वरून शाबासकी आली.

तिसऱ्या रात्री दोन वाजता फोन वाजला, हे बोलणारीच्या घरी. आक्का म्हणाल्या, "माझं ते परत आलं." एवढंच. आम्ही तिघी धावत गेलो. आक्का ओसरीवर बसलेल्या, छाती धडधडतेय, हात गार, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, दिवसभर नातवावर उगीच ओरडलेल्या. आणि मुठीत एक गोळी. शेजारणीनं स्वतःच्या पट्टीतली काढून दिली होती, मायेपोटी. म्हणाली होती, एकीनं काय होतंय.

त्या रात्री आम्ही काय करावं हे आम्हाला कळत नव्हतं, हे कबूल करतो. गोळी घेऊ दिली तर अकरा महिने पाण्यात जातील का? घेऊ नाही दिली तर पुन्हा फिट येईल का? आमच्यापैकी एकीला टेलिमानसचा नंबर पाठ होता, 14416. सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी शांतपणे विचारलं: फिट आली का, बडबडतायत का, नसलेलं काही दिसतंय का, जीव द्यायचे विचार येतायत का. काहीच नव्हतं. मग म्हणाल्या, दुसऱ्याची गोळी घेऊ नका, कुणीतरी जवळ बसा, सकाळी डॉक्टरांकडं न्या. आणि जाता जाता विचारलं, "दोन-तीन दिवसांत काही सोडलंय का? चहा, तंबाखू?"

आम्ही एकमेकींकडं बघितलं.

पहाटे चारच्या सुमाराला आक्का म्हणाल्या, "एवढीशी मिसरी द्या." ज्यांनी शपथ घ्यायला लावली त्याच आम्ही, पाठीमागच्या घरातल्या म्हातारीला उठवून चिमूटभर मिसरी आणली. आक्कांनी ती लावली आणि पंधरा मिनिटांत भिंतीला टेकून त्यांचा डोळा लागला. आम्हाला लाज वाटली, आणि हायसंही वाटलं. दोन्ही एकदम.

सकाळी सुनेबरोबर आमच्यातली एक सिव्हिलला गेली. ह्या वेळी मिसरीचं सगळं सांगितलं, नऊ वेळांसकट. डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हे आधीच कळायला हवं होतं, आता आपण विचारायलाही शिकू. मग जे समजावलं ते तुम्ही नीट ऐका, कारण आजचं बोलणं त्यासाठीच आहे.

निकोटीन म्हणजे तंबाखूतला चटका देणारा भाग. तो शरीरातून लवकर निघून जातो, साधारण दोन तासांत निम्मा होतो. म्हणून तर दोन-तीन तासांनी पुन्हा तलफ येते. पूर्ण बंद केलं की चिडचिड, बेचैनी, झोपमोड, घाबरल्यासारखं होणं, कशात चित्त न लागणं, भूक, उदास वाटणं, हे सगळं पहिल्या आठवड्यात येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त. मग उतरत जातं, तीन-चार आठवड्यांत बरंच निवळतं. आता झोपेची गोळी सोडताना काय होतं ते आठवा. चिडचिड, बेचैनी, झोपमोड, घाबरणं. वरून बघितलं तर दोन्ही एकसारखीच. आणि गोळी संपली म्हणून मेंदू दुसऱ्या दिवशी पूर्ववत होत नाही. कित्येकांना पुढं काही महिने मधूनमधून लाटा येतात, चार दिवस बरे, दोन दिवस वाईट. आक्कांची गोळी बंद होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. त्या अजून कच्च्या भिंतीवर आम्ही डबी पुरायचा कार्यक्रम केला होता.

आक्कांचं जुनं दुखणं परत आलं नव्हतं. मिसरीची ओढ होती ती. पण आक्कांना ते कळलं नाही, आणि त्या घाबरून गोळीकडं वळल्या. धोका इथं आहे बायांनो. ओढ सोसण्यासारखी असते, तिच्यानं जीव जात नाही. पण ती ओळखता आली नाही तर माणूस गोळीकडं परत जातो. आणि एकदा उतरवलेल्या शरीराला जुन्या मापाची गोळी दिली तर ती जास्त चढते. त्यात कुणी दारू घेत असेल तर श्वासच मंदावू शकतो.

एक गोष्ट ऐकून आम्ही चाट पडलो. आम्हाला वाटायचं मिसरीनं जीव शांत होतो. डॉक्टर म्हणाल्या, निकोटीन नसांना टोचणी देणारं आहे, झोप आणणारं नव्हे. लावल्यावर शांत वाटतं ते आधीच्या मिसरीनं निर्माण केलेली तलफ भागते म्हणून. सावकारानंच काढलेलं दुखणं सावकारच थोडं भागवतो आणि आपण त्याचे उपकार मानतो, तशातला प्रकार. रात्री ओसरीवर डबी घेऊन बसणाऱ्या आक्का स्वतःची झोप स्वतःच मोडत होत्या. विडी-सिगारेट सोडणाऱ्यांवर झालेले अभ्यास आहेत, त्यांत सोडल्यावर काही आठवड्यांनी माणसांची चिंता आणि उदासी आधीपेक्षा कमी झालेली दिसली. म्हणजे सोडायचंच. प्रश्न कधी आणि कसं एवढाच.

ह्या गोळ्या सोडवण्याचं काम इंग्लंडात न्यूकॅसल इथं हेदर ॲश्टन नावाच्या डॉक्टर बाईंनी 1982 ते 1994 अशी बारा वर्षं केलं. त्यांचंही म्हणणं होतं की गोळी सोडत असताना त्याच वेळी तंबाखूही सोड म्हणणं जरा जास्तच मागणं आहे, गोळी सुटल्यावर पुष्कळांना ते सोपं जातं. आमच्या डॉक्टर बाईंनी आक्कांसाठी तेच ठरवलं. आधी दोन महिने झोप आणि जेवण जाग्यावर येऊ दे. तोवर मिसरी वाढवायची नाही, पण तोडायचीही नाही. मग एकेक वेळ कमी. ज्यांची गोळी अजून चालू आहे त्यांनी एकाच महिन्यात दोन्हीकडं हात घालू नये. तंबाखू उतरवायची तर गोळीचं माप तेवढे दिवस तिथंच थांबवायचं, आणि ते डॉक्टरांना विचारून.

ह्याला अपवाद आहेत. पोटात बाळ असेल, तोंडात बरी न होणारी जखम किंवा पांढरा चट्टा असेल, छातीचं दुखणं असेल, तर वाट बघत बसू नका, लगेच दाखवा. मुंबईतल्या गरोदर बायांचा एक अभ्यास 2004 मध्ये छापून आला होता, त्यातल्या तंबाखू घेणाऱ्या बाया बहुतेक मिसरी लावणाऱ्याच होत्या. त्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी भरली. आपल्याकडं आधीच अडीच किलोला टेकायची मारामार असते, तिथं शंभर ग्रॅम थोडे नाहीत.

आता एक महत्त्वाचं, कागद-पेन असेल तर लिहून घ्या. आक्कांचा भाऊ पुण्याला असतो. त्याला सिगारेट सोडायला डॉक्टरांनी एक गोळी दिली होती, बुप्रोपिऑन नावाची. त्याला चांगला गुण आला. त्यानं प्रेमानं बहिणीला पाकीट पाठवलं. सुनेनं ते न उघडता सिव्हिलला नेलं, आणि बरं झालं नेलं. ती गोळी भावासाठी ठीक होती. पण तिच्यानं फिट यायची शक्यता वाढते, म्हणून जिला आधी फिट आलेली आहे किंवा जी झोपेची गोळी अचानक बंद करतेय तिला ती द्यायचीच नसते. तंबाखू सोडायला कुणाकडंही गेलात तर पहिलं वाक्य हे बोला: "मी झोपेची गोळी घेते," किंवा "घेत होते, अमुक महिन्यात बंद केली." आणि झोपेच्या गोळीसाठी गेलात तर सांगा, "मी मिसरी लावते." लाजू नका. आक्कांच्या बाबतीत ह्या दोनच वाक्यांनी वर्ष वाचलं असतं.

निकोटीनचं च्युइंगम मिळतं, दोन मिलिग्रॅमचं चिठ्ठीशिवायही मिळतं. ते चॉकलेटसारखं चघळायचं नसतं. थोडं चावायचं, झणझणलं की गालात धरून ठेवायचं, मग पुन्हा थोडं. चहा प्यायल्याबरोबर घ्यायचं नाही, पाव तास जाऊ द्यायचा, नाहीतर लागू पडत नाही. आक्कांचे पुढचे दात नाहीत, त्यांना ते जमलं नाही. "रबर चावायला लावता व्हय मला," म्हणाल्या. तो विषय तिथंच संपला.

मग आम्ही वही केली. गटाच्या हिशेबाची असते तसली, दोनशे पानी. आक्का शिकलेल्या नाहीत, म्हणून नातू रेघ ओढतो. लावली की एक रेघ. ऑगस्टात नऊ रेघांवरून सुरुवात केली. सगळ्यात सोपी वेळ आधी काढली, दुपारच्या चहानंतरची, कारण तेव्हा रानात बाया असतात, बोलण्यात जीव रमतो. दोन आठवडे आठ रेघा. मग रात्री उठून लावायची ती काढली, ती जड गेली. त्याला तीन आठवडे लागले. डबी सुनेच्या कपाटात गेली, आणि ओसरीवर डबीच्या जागी बडीशेप आणि भाजलेले तीळ आले. आक्कांना लवंग आवडते, एखादी धरतात तोंडात. दिवाळीत पाहुणे आले आणि रेघा परत सातवर गेल्या. नातवानं वहीत मोठ्ठी फुली मारली, तिच्यावरून आजी-नातवाचं दोन दिवस बोलणं नव्हतं. डॉक्टर बाई म्हणाल्या, फुली कशाला, तारीख लिही आणि पुढं चल.

बारीकसारीक अडचणी येतात, त्या सांगतो. मिसरी कमी केली की सकाळी पोट साफ होत नाही. "लावल्याशिवाय परसाकडं होत नाही," असं बाया म्हणतात ते अगदीच खोटं नाही, निकोटीननं आतडी हलतात. पण ते थोड्या दिवसांचं असतं. कोमट पाणी, पालेभाजी, ज्वारीची भाकरी, पेरू, ह्यांनी भागतं. चहा दुपारनंतर बंद करा, झोप आधीच पातळ असते. घरात विडी ओढणारं कुणी सोडत असेल तर त्याच्यासाठी आणखी एक, विडीच्या धुरानं शरीर चहातलं कॅफीन भराभर संपवत असतं. विडी सुटली की तोच चहा जास्त चढतो, म्हणून चहा निम्म्यावर आणा. मिसरीला धूर नाही, तिथं तेवढा फरक पडत नाही.

आणि घरच्यांनो, कुणी पुरुष मंडळी ऐकत असाल तर तुम्हीही. ह्या दिवसांत बाई चिडते, रडते, भाजीत मीठ विसरते. तेव्हा "नाटकं करते" म्हणू नका. आक्कांच्या मुलानं दोन महिने स्वतःची तंबाखू घराबाहेर ठेवली. सोडली नाही, बाहेर ठेवली. त्याचाही उपयोग झाला. मात्र फिट आली, बाई बरळायला लागली, नसलेलं दिसायला लागलं किंवा जीव द्यायचं बोलली, तर ओढ आहे, जाईल म्हणून घरात बसवून ठेवायचं नाही, थेट दवाखाना.

31 मेच्या बाकीच्या सहा जणींचं काय झालं तेही सांगतो, नाहीतर फोटोच खरा मानाल. चौघींच्या डब्या महिन्याभरात परत आल्या. दोघींनी खरंच सोडली. परत आलेल्या चौघींपैकी तिघींनी आता आक्कांसारखी वही घातलीय. गेल्या वर्षीचा फोटो ग्रुपवरून आम्ही काढून टाकलाय. यंदा 31 मेला खड्डा खणायचा नाही असं ठरलंय. त्याऐवजी आधी प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारायचं की दुसरं काय चालू आहे. झोपेच्या पट्ट्या निघतात, बायांनो. आमच्या एका गावात विचारायला गेलो तर पाच घरांत निघाल्या. कुणाला बंद करा म्हणालो नाही. फक्त म्हणालो, आहे तेवढ्यावर थांबा, दुसरीला देऊ नका आणि पट्टी घेऊन डॉक्टरांकडं चला. सोबत आम्ही येतो. एसटीचं अर्धं तिकीट आहेच आपल्याला.

शेजारणीला आक्का अजून रागावलेल्या नाहीत. तिचीही गोळी आता उतरतेय, त्याच डॉक्टर बाईंकडं. दोघी एकाच दिवशी जातात.

नंबर पुन्हा सांगते. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस, 14416. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर 1800-112-356, हाही फुकट आहे, आणि तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो.

आज सकाळी आक्कांच्या वहीत दोन रेघा आहेत. एक पहाटेची, एक संध्याकाळी दिवाबत्तीनंतरची. पहाटेची सुटायची नाही असं त्या म्हणतात. बघू. झोप मात्र रात्री साडेदहा ते चार लागते, गोळीशिवाय. आक्का, तुम्ही ऐकत असालच. मंगळवारी बैठक आहे, येताना वही आणा, आणि मागच्या दोन हप्त्यांचे वीस रुपये बाकी आहेत, तेही आणा. नमस्कार.